सवतीला पाठवलेला स्कार्फ

प्रिय सुहास,

आज रविवार. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झालीत. बेसमेंटमधला टीव्ही बंद आहे आणि मी वर किचनमध्ये बसून तुला लिहितेय. तुझ्या फुटबॉल क्लबची मॅच तिकडे इटलीत सुरू झाली असेल. होऊ दे! मला तुला एक कबुली द्यायची आहे, ती दिल्याशिवाय आज घास घशाखाली उतरणार नाही. मी फ्रांकोला फसवलं.

थांब, चिडू नकोस. सव्वीस वर्षं मी तुझं ऐकलंय, आता तू माझं ऐक.

आठवतं, मला बघायला पुण्याला आला होतास? आईने चाचपून पाहिलं, "इटलीत इतके महिने होता, तिकडे कुणी भेटली नाही ना?" तू शांतपणे म्हणालास, "भेटली, पण ती फक्त रविवारीच भेटायची." सगळे हसले. मीही हसले. वेडी मी! थट्टा वाटली मला.

कंपनीने तुला त्या बंदराच्या गावात चौदा महिने मशीन बसवायला पाठवलं होतं. वर्कशॉपमधल्या फ्रांकोने पहिल्याच रविवारी तुला गोलपोस्टमागच्या अर्धगोल स्टँडमध्ये नेऊन उभं केलं. कुर्वा म्हणायचास तू त्या स्टँडला. तिथे कुणी बसत नाही, ढोल थांबत नाहीत, आणि एक माणूस मैदानाकडे पाठ करून नव्वद मिनिटं सगळ्यांना गायला लावतो, स्वतः एकही गोल बघत नाही. हे सांगताना तुझे डोळे भरून यायचे. इराच्या वेळी मी अठरा तास कळा सोसल्या, तेव्हा भरले होते का रे?

आणि तो इतिहास! गोदीतल्या कारकुनांनी क्लब कसा काढला, आजोबांच्या पिढीत तो देशात पहिला कसा आला, युद्धात पडलेलं स्टेडियम लोकांनी विटा वाहून कसं उभं केलं. मग मालकाने दिवाळं काढलं आणि क्लब थेट चौथ्या डिव्हिजनमध्ये गेला. तरी लोक सोडून गेले नाहीत, बस भरभरून खेड्यापाड्यांतल्या मैदानांवर जात राहिले. माझ्या आजोबांचं नाव तुला कधी लक्षात राहिलं नाही, पण त्या क्लबच्या गोलकीपरचे आजोबा काय करायचे ते तू झोपेत सांगितलं असतंस. तू बोलायचास, मी कणीक मळायचे आणि मान डोलवायचे. ऐकत नव्हते. हीसुद्धा कबुलीच समज.

मला जळायला कारणं कमी नव्हती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला तू नुसते ओठ हलवायचास. म्हणायचास, "मला गाता येत नाही गं." तू गेल्यावर फ्रांकोने एक जुना व्हिडिओ पाठवला. त्यात तू एका पोलादी खांबावर चढून, गळ्याच्या शिरा ताणून गातोयस! तो माणूस मला सव्वीस वर्षांत एकदाही का नाही भेटला?

फेब्रुवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना तू खाली बसलास तो उठलाच नाहीस. तेराव्या दिवशी फ्रांकोचा फोन आला. खूप रडला. मग त्याच्या तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये त्यांची रीत सांगितली. स्टँडमधलं माणूस गेलं की त्याचा स्कार्फ पुढच्या कठड्याला बांधतात, कायमचा. त्या दिवशी पहिली दहा मिनिटं ढोल बंद असतात. मग सगळे त्याच्यासाठी गातात. "सिन्योरा, सुहासचा स्कार्फ पाठवाल?"

मी "हो, नक्की" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर कपाट उघडून तुझा तो तपकिरी-हळदी रंगाचा स्कार्फ उशीच्या अभ्र्यात लपवला. कुणापासून लपवत होते कोण जाणे! तुझ्या मानेचा वास आहे रे त्याला. बाकी सगळं मी धुऊन बसले होते.

इरा तिच्या घरून, फ्रिस्कोहून आली होती. ती म्हणाली, "आई, दे लव्हड् हिम टू."

"असेल. पण त्यांना चौदा महिने मिळाले. कठड्यावर पावसात भिजायला मी माझा नवरा देणार नाही."

"इट्स अ स्कार्फ, आई."

"मग तुझ्या डॅडला आयुष्यभर तेच का नाही सांगितलंस?"

 दुसऱ्या दिवशी मी तुझ्या खणातून दुसरा स्कार्फ काढला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, कोराकरकरीत. रंग तेच. दोनदा धुतला, ड्रायरमध्ये फिरवला, म्हणजे जरा वापरलेला दिसेल. आणि पोस्टाने पाठवून दिला. इतकी चलाख मी कधीपासून झाले?

गेल्या रविवारी त्यांनी तो बांधला. व्हिडिओ आला. दहा मिनिटं तेवढा मोठा स्टँड अगदी चूप. मग तुझं नाव घेऊन ते जे गायला लागले, सुहास, मला बसवेना. अनोळखी पोरं हातांत हात घालून रडत होती. माझ्या नवऱ्यासाठी! माझ्या घरी लोक आले तेव्हा "हार्ट का?" असं विचारून चहा पिऊन गेले. मी कधी कुणाचा इतका हेवा केला नव्हता.

आणि काल फ्रांकोचा मेसेज आला, या वेळी इटालियनमध्ये. शनिवार-रविवारसाठी आलेल्या इराने तिच्या फोनमध्ये भाषांतर करून वाचून दाखवला.

"सिन्योरा, तुम्ही पाठवलेल्या स्कार्फवर जहाजाचा नांगर आहे. सुहासने नांगर कधी गळ्यात घातला नाही. त्याच्या स्कार्फवर बगळा आहे."

माझे कान तापले. दिवाळखोरीत क्लबचं जुनं बगळ्याचं चिन्ह कोर्टात अडकलं आणि नव्या मालकाने नांगर आणला, हे तू मला किती वेळा सांगितलं असशील! नांगरवाला तू फक्त क्लबला मदत म्हणून मागवलास आणि तोंड वाकडं करून खणात टाकलास. म्हणजे जो तुला डोळ्यांसमोर नको होता, नेमका तोच मी तुझ्या नावाने पाठवला. सवतीकडे लक्ष दिलं असतं तर निदान फसवता तरी नीट आलं असतं!

इरा पुढे वाचत होती. "पाकीट उघडताच आम्ही सगळ्यांनी ओळखलं. कुणी काही बोललं नाही, बांधला. माझे वडील गेले तेव्हा आईने त्यांचा स्कार्फ दिला नाही. मी दुकानातून नवा आणून बांधला. त्या कठड्यावरचे बहुतेक तसलेच आहेत, सिन्योरा. खरे बायकांच्या कपाटात असतात."

इरा आणि मी सिंकपाशी उभ्या राहून खूप रडलो. मग मला तुझा राग आला. इतकं सगळं सांगितलंस, हे एवढं सांगायला काय झालं होतं? की तिथे प्रत्येक घरात एक माझ्यासारखी असते! का तुलाही ते माहीत नव्हतं?

आता वचन देते, ऐक. मे महिन्यात त्यांची सीझनची शेवटची घरची मॅच आहे. इराने तिकिटं काढली आहेत. मी जाईन. बगळा गळ्यात घालून तुझ्या जागी उभी राहीन, फ्रांकोच्या आईला भेटेन. गाणार नाही, आधीच सांगते, फार तर ओठ हलवीन. आणि मॅच संपली की तुला गळ्यातच घेऊन घरी येईन. त्यांनी कितीही प्रेमाने मागितलं तरी देणार नाही.

अजूनही जळणारी,
तुझी शरयू