नीमाच्या बाटलीतलं चौथं माप

प्रिय आत्या,

तू गेलीस त्याला सात महिने झाले. या सात महिन्यांत मनातल्या मनात तुझ्याशी पुष्कळ बोलले, पण कागदावर आज पहिल्यांदाच. आज मला एक गोष्ट कबूल करायची आहे. ज्यांच्यापाशी करायची त्या मामा एस्टर आत डॉक्टरांची वाट बघत उभ्या आहेत आणि मी बाहेर बाकावर बसले आहे. मध्ये एक दार आहे. ते लोटून चार पावलं टाकायची, एवढंच. पण पाय उठत नाहीत गं.

म्हणून आधी तुला सांगून बघते.

सकाळचे दहा वाजलेत. टांझानियातल्या एका लहानशा शहराचा हा सरकारी दवाखाना. माझ्या मांडीवर बाळांच्या दुधाची वही आहे, तिच्याच मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय. आत आमची नीमा आहे. पाच महिन्यांची, पण दिसते दोन महिन्यांची. बाजारातल्या भाजीच्या फळीखाली कुणीतरी तिला फडक्यात गुंडाळून ठेवून गेलं होतं. आमच्या अनाथ बाळांच्या घरात अशी अकरा बाळं आहेत. कुणाची आई बाळंतपणात गेली, कुणाला दवाखान्याच्या पायरीवर सोडलेलं. त्यांना न्हाऊ घालायला, पाजायला, खांद्यावर घेऊन फिरायला मी वर्षभरासाठी इथे आले, हे तुला ठाऊकच आहे.

मामा एस्टर त्या घराच्या प्रमुख. बाईच आहेत बरं का! इथे मोठ्या बाईला मानाने 'मामा' म्हणतात. पहिल्या आठवड्यात मला हसू दाबावं लागायचं. तू असतीस तर पदर तोंडाला लावून म्हणाली असतीस, "मामाला लुगडं नेसवलं का काय गं माय!"

आज सकाळी सात वाजता नीमाला आकडी आली. माझ्याच हातावर. बाटली अर्धी झाली होती. तिचे डोळे वर गेले, मुठी आवळल्या आणि सगळं अंग ताठ झालं. मामा एस्टर तिला पोटाशी धरून गाडीत बसल्या. मला म्हणाल्या, "वही घे, पावडरचा डबा घे, चल."

गाडीत तो डबा माझ्या मांडीवर होता. आत्या, आठ दिवस मी तो डबा रोज उघडत होते, पण मागची बारीक अक्षरं पहिल्यांदा आज वाचली. सांगितल्यापेक्षा जास्त पावडर घालू नये, बाळाच्या अंगातलं पाणी कमी होऊन ते गंभीर आजारी पडू शकतं, असं तिथे छापलेलं आहे.

मी जास्त घातली आहे. आठ दिवस.

तू विचारशील, कावून घातलीस? सांगते.

इथे तीस मिली पाण्याला एक सपाट माप पावडर. नीमाची बाटली नव्वदची, म्हणजे तीन मापं. ते तयार झालेलं दूध मी पहिल्यांदा बघितलं तेव्हाच मला वाटलं, यात पाणी आहे. निळसर, पातळ, काचेला न धरणारं. आपल्या गावच्या दूध संस्थेत असलं दूध कुणी आणलं असतं तर तू किटलीचं झाकणसुद्धा पुन्हा उघडू दिलं नसतंस. मला वाटलं, देणग्यांवर चालणारं घर आहे, डबे पुरवून वापरत असतील. विचारायचा धीर झाला नाही. काय विचारू? तुम्ही लेकरांच्या दुधात पाणी घालता का, असं? म्हणून आठ महिने गप्प पाजत राहिले. बाकीची बाळं अंग धरत होती, पण नीमा धरेना. आणि गेल्या आठवड्यात दुधाच्या खोलीतली बाई रजेवर गेली आणि खोलीची किल्ली माझ्याकडे आली.

पहिल्याच दिवशी मी नीमाच्या बाटलीत चौथं माप टाकलं. दूध कसं पांढरंशुभ्र दिसलं! तुझी शपथ, मला वाटलं मी पुण्य करतेय.

वहीत मात्र तीनच लिहिलं. दर बाटलीपुढे तीन, तीन, तीन. आठ दिवस. माझ्याच अक्षरात.

आता डॉक्टर येतील आणि हीच वही मागतील. मामा एस्टरना वाटतंय पाण्यातून काहीतरी बाधलं असावं. डॉक्टरही तेच समजून औषध देतील. खरं काय ते मला एकटीला माहीत आहे. सांगितलं तर मला पुढच्या विमानाने परत पाठवतील. आणि गावाने संस्थेच्या ओट्यावर मला शाल पांघरून निरोप दिलाय. परत जाऊन मी त्या बायांना काय तोंड दाखवू? आणि नाही सांगितलं तर?

बघ, हे लिहितानाही मी माझंच बघतेय. आत नीमा आहे.

आत्या, तुला तो उन्हाळा आठवतो का? मी नऊ वर्षांची होते. नांदूरघाटच्या बाजूने येणारा टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. निम्मी जनावरं चारा छावणीला गेली होती आणि आपल्या दावणीला एकच म्हैस उरली होती. तेव्हाही रोज सकाळी महिला दूध संस्थेच्या ओट्यावर तू लॅक्टोमीटर घेऊन बसायचीस. दुधात पाणी असलं की ती काचेची नळी खोल बुडायची; गावात सगळे तिला 'डिग्री' म्हणायचे. माझी पहिली शाळा तो ओटा. शाळेत नाव घालायच्या आधी दोन वर्षं तू मला तिथेच आकडे शिकवलेस, त्या नळीवरचे. अक्षरं शिकवलीस ती फरशीवर, खडूने.

त्या दिवशी घरची किटली आणायला तू मला पाठवलंस. मी वाटेत ठेचकाळले आणि दूध सांडलं. भीतीने परत गेले, टँकरच्या पिंपातलं तांब्याभर पाणी घेतलं आणि किटली होती तशी भरली. रांगेत उभी राहिले. तू नळी सोडलीस आणि ती खाली गेली. आणखी खाली गेली.

रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या शेवंताकाकूंनी बघितलंच; तुला त्या चिडवून 'मास्तरीण' म्हणायच्या. "अगं बया! प्यायला पाणी मिळंना अन् मास्तरणीच्या दुधात बरं आलं! रोज दुसऱ्याच्या किटलीत डोळं घालायली, आता घरच्या किटलीत बघ की!"

सगळ्या बाया हसल्या. तू हसली नाहीस आणि चिडलीही नाहीस. माझ्याकडे न बघता विचारलंस, "कुणी घातलं?"

"मी."

"मोठ्यानं. मागं ऐकू जाईना."

"पाणी मी घातलं!"

"हं. एका किटलीपायी साऱ्या गावचा कॅन डेअरीतून माघारी येतोय. मग ह्या बायांनी कुठं जावं? घरी ने ते दूध. अन् उद्यापासून डिग्री तू वाचायची. मोठ्यानं, साऱ्यांना ऐकू येईल अशी."

महिनाभर वाचली. शेवंताकाकू रोज कान पुढे करून म्हणायच्या, "काय गं, मला न्हाई ऐकू आलं!" आणि मी पुन्हा ओरडायची.

आता तुझ्यावर माझा एक राग आहे, तो आज सांगूनच टाकते. साऱ्या रांगेसमोर का? घरी नेऊन दोन चापट्या मारल्या असत्यास तर चाललं नसतं? त्या दिवसापासून दुधात पाणी दिसलं की माझा जीव घाबरा होतो. पाण्याचं दूध म्हणजे पाप, एवढं तू माझ्यात खोल घातलंस. पण पाणी कमी पडलं तरी लेकरू मरू शकतं, हे कधी सांगितलं नाहीस! तुला तरी कुठे माहीत असणार, म्हणा. तुझ्यासमोर कुणी घट्ट दूध आणलं म्हणून तू कधी परत पाठवलंस?

आणि याहून वाईट ऐक. चौथं माप सुरू केल्यापासून नीमा बाटली संपवून पुन्हा तोंड उघडायची. ओठ चाटायची. किरकिरायची. मला वाटलं, बघा, भूक लागायला लागली, अंग धरणार आता! म्हणून परवापासून चौथ्या मापावर आणखी अर्धं. ती रडायची तर डोळ्यांत पाणी नसायचं. मला वाटलं, किती धीराची पोर आहे.

तिला तहान लागली होती, आत्या.

आपल्या गावची मी. टँकरच्या मागे घागर घेऊन पळणारी. कोरडे ओठ मी किती बघितलेत! आणि माझ्या मांडीवरच्या लेकराची तहान मला ओळखता आली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तू चुलीपुढे बसून विचारलं होतंस, "कावून जातीस इतक्या लांब? हितं लेकरं न्हाईत का?" आणि मी काय बोलले? "तुला नाही कळायचं. तुला कुठे मूल आहे!" ज्या बाईने मला आकडे शिकवले, माझी आजारपणं उशाशी बसून काढली, मूल होत नाही म्हणून नवऱ्याने घालवल्यावर जी आमच्या घरी आली आणि आमचीच झाली, तिला मी हे बोलले. तू तव्यावरची भाकरी उलटलीस. एवढंच म्हणालीस, "बरं बाई. हात धुऊन घेत जा लेकरांना धरायच्या आधी."

महिनाभराने तू गेलीस, आणि मला दादाने तिसऱ्या दिवशी कळवलं. मी फोनवर त्याच्याशी भांडले. तर म्हणाला, "आत्यानंच बजावलं होतं. तिला सांगू नका म्हणली, लेकरं टाकून यील ती."

तुला सगळं कळत होतं गं.

जिन्यावर पावलं वाजतायत. डॉक्टर आलेत वाटतं. मामा एस्टर दारात येऊन वही मागतायत. मी उठते, आत्या. आता नाही उठले तर कधीच उठणार नाही.

*

मधे पाच दिवस गेले. त्यानंतर लिहितेय.

वही त्यांच्या हातात दिली, पण सोडली नाही. दोघींच्या हातात एकच वही. मी म्हणाले, "यात तीन लिहिलंय ते खोटं आहे. मी चार घातली. दोन दिवस साडेचार." पुटपुटल्यासारखंच झालं ते. डॉक्टर वाकून म्हणाले, "काय? मोठ्याने सांगा." हसू नकोस, खरंच असंच म्हणाले.

"पावडर मी जास्त घातली!"

अख्ख्या वॉर्डाने वळून बघितलं.

डॉक्टर रागावले नाहीत. किती दिवस, दिवसातून किती बाटल्या, लघवी शेवटची कधी, हे विचारलं. मग नर्सला थांबवलं. ती सलाईन भराभर सोडायच्या बेतात होती. आता पाणी द्यायचं, पण अगदी हळू, असं त्यांनी सांगितलं. इतक्या वाळलेल्या लेकराला एकदम पाणी दिलं तर ते डोक्यात चढतं म्हणे. "पोले पोले," ते नर्सला पुन्हापुन्हा सांगत होते. म्हणजे सावकाश, सावकाश. मी सांगितलं नसतं तर काय झालं असतं, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

मामा एस्टरनी दुधाच्या खोलीच्या किल्लीसाठी हात पुढे केला. "तुला शंका होती तर मला विचारलं का नाहीस?"

"तुमचा अपमान होईल असं वाटलं."

"माझा अपमान!" त्या म्हणाल्या. "आणि त्या बाळाचं काय?"

मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. मला परत पाठवायचं की नाही हे त्या नीमा बरी झाल्यावर ठरवणार होत्या. पाच दिवस मी फक्त लंगोट धुतले आणि दुपारी दवाखान्यात जाऊन दाराशी बसले. पहिले दोन दिवस आकडी येत राहिली. तिसऱ्या दिवशी थांबली. चौथ्या दिवशी लंगोट ओला झाला म्हणून नर्सने तो मला लांबूनच उंच धरून दाखवला. त्या लंगोटासाठी मी साऱ्या वॉर्डापुढे हात जोडले! पुढे नीमाच्या डोक्यावर काही परिणाम राहील का, हे डॉक्टर आत्ताच सांगू शकत नाहीत. ती बसेल केव्हा, चालेल केव्हा, ते बघत राहावं लागेल. ही टाचणी मनात राहणारच.

आज सुई काढताना नीमा रडली. जोरात, हातपाय झाडत. मामा एस्टरनी तिला उचललं आणि मला जवळ बोलावलं. "बघ," त्या म्हणाल्या.

आत्या, तिच्या डोळ्यांत पाणी होतं! गालावरून ओघळून कानापर्यंत गेलं. ते पुसायलाही माझा हात होईना.

संध्याकाळी मामा एस्टरनी किल्ली पुढे केली. एका अटीवर. दूध बनवताना शेजारी कुणीतरी उभं असेल आणि मी प्रत्येक माप मोठ्याने मोजायचं. तुम्ही दोघी कधी भेटलात गं?

मी किल्ली घेतली. हात धुतले, कोपरापर्यंत. सुरीच्या पाठीने माप सपाट केलं आणि मोजलं. एक. दोन. तीन. डबा बंद केला. दूध तसंच निळसर, पातळ दिसलं. तरी डबा पुन्हा उघडला नाही.

तुला शब्द देते. शेवटच्या दिवसापर्यंत मोठ्याने मोजीन, शेजारी कुणी नसलं तरी. जिथे मला सगळं कळतं असं वाटेल तिथे आधी विचारीन. आणि गावी आले की पहिल्याच सकाळी संस्थेच्या ओट्यावर रांगेत उभी राहीन आणि ही गोष्ट सगळ्या बायांना सांगेन. शेवंताकाकू म्हणतील, "मला न्हाई ऐकू आलं." मग पुन्हा सांगेन.

तुझ्या ओट्यावर शिकलेली,
अनू