आरास तेओतिवाकानची

१० ऑगस्ट, रेडमंड, अमेरिका
पोचलो बाई एकदाचे! फ्रिजमध्ये नुसतं दूध आणि अंडी, बॅगा तशाच पडल्यात, तरी मी जाम खूश. नवरोबा परीक्षित पुण्यातलं काम आटपून दिवाळीपर्यंत येईल. तोवर मी आणि आमची सहा वर्षांची इला. आणि नोकरी म्हणाल तर स्वप्नातली! मेक्सिकोतल्या तेओतिवाकान या प्राचीन शहराचं थ्रीडी मॉडेल करायचं, म्युझियमसाठी. लाखभर वस्ती होती म्हणे. मग जाळपोळ झाली, सगळं ओस पडलं. मूळ नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही. आत्ताचं नाव नंतरच्या अ‍ॅझ्टेकांनी ठेवलेलं. मेलेल्यांना राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मला कसलं भारी वाटतंय हे सगळं!

२४ ऑगस्ट
गणपतीची आरास ठरली: तेओतिवाकान! पुठ्ठ्याचे पिरॅमिड, मधून लांब रस्ता. ऑफिसातून तिथल्या एका मातीच्या बाहुलीची प्रतिकृती मागून आणली. पोकळ आहे, छातीला झाकण, आत तीन चिमुकली माणसं. अशा बाहुल्या तिथे खरंच सापडल्यात. कशासाठी करायचे, कुणालाच नक्की माहीत नाही. इला तर तिच्या प्रेमातच पडली.

२७ ऑगस्ट
शेजारचे मनोहरकाका पूजा सांगायला आले. तीस वर्षं अमेरिकेत, पण मंत्र काय खणखणीत! प्राणप्रतिष्ठेला बाप्पाच्या छातीला दुर्वा लावायच्या, तर इलाबाईंनी हौसेने बाहुलीच्याच छातीला लावल्या. काका मंत्र म्हणतच होते. पोट धरून हसलो सगळे. मग बाहुलीपुढेही एक मोदक ठेवला.

२८ ऑगस्ट
दीड दिवसाचा बाप्पा बादलीत विसर्जित केला. इला फार रडली. बाहुली तरी राहू दे म्हणाली. म्हटलं राहू दे, काय बिघडतंय.

१ सप्टेंबर
झाकण उघडून पाहिलं. आत चार माणसं. चौथीला दोन वेण्या, इलासारख्या. ऑफिसच्या फोटोत तीनच आहेत. आणि ही माती भाजलेली आहे, पोरीच्या हातचं काम नव्हे.
इला जेवत नाही. म्हणते, तिकडे जेवून आले.

४ सप्टेंबर
दिवसभर पडून असते. डॉक्टर म्हणाले, जेटलॅग असेल. महिना होत आला, कसला डोंबलाचा जेटलॅग!
मनोहरकाकांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, प्राण घातले की विसर्जन करायलाच हवं. बाप्पाचं केलं, हिचं राहिलं. आजच्या आज करून टाक म्हणाले.

५ सप्टेंबर
बाहुली बादलीत बुडवली. विरघळेना. आणि इलाच्या खोलीतून गुदमरल्याचा आवाज — नाकातोंडातून पाणी — पलंगावर, कोरड्या पलंगावर!
बाहुली उपसली तेव्हा कुठे तिला श्वास आला.
फोडू तरी कशी? आत माझी पोर आहे.

६ सप्टेंबर
इलाची बोटं कडक झालीत. परीक्षित निघालाय, पण विमान पोचेपर्यंत —
अगं, तुला माणसंच हवीत ना? मला घे. ती लहान आहे गं. मला घे.
काका नको नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. मंत्र म्हणायला लावला. दुर्वा आधी माझ्या छातीला, मग बाहुलीच्या —

इला उठली! भूक लागली म्हणतेय! काका पोळी आणायला धावले —

बोटं वळत नाहीत. भिंती मातीच्या — अगदी जवळ — कुणीतरी सरकून जागा देतंय —

इला खोल्याखोल्यांतून आई आई करत फिरतेय. केवढी मोठी दिसतेय. इथे आहे गं मी, राणी, इथे, झाकण उघ