शून्याच्या जवळ

३ जून
बंगळुरात बस्तान बसलं! के. आर. पुरमला खोली, धाकटी बहीण सिद्धी सोबतीला, आणि शीतगृहात नोकरी. काम मजेचं आहे: टॅग द्यायचे आणि आत कोण कुठे आहे ते बघायचं. प्रत्येक कामगाराच्या जॅकेटात एक टॅग शिवलेला असतो, हातातला मीटर त्याचा सिग्नल मोजतो. उणे सत्तर म्हणजे माणूस लांब. आकडा शून्याकडे सरकला की जवळ. लपाछपीत राज्य घ्यायचा पगार मिळतोय म्हणा ना!

५ जून
निपाणीचे आप्पाजी इथले जुने मुकादम. नोकरी सोडणाऱ्याचा टॅग ते त्याच्यासमोर कात्रीने कापतात. नाहीतर माणूस आतच राहतो म्हणतात. महानंदाचा कापायचा राहिला. सगळ्यांना अक्का म्हणणारी ती बाई गेल्या वर्षी शीतगृहाच्या तीन नंबरच्या खोलीत गेली, ती परत कुणाला दिसली नाही. मागच्या भिंतीतून तिचा सिग्नल अजून येतो. मी हसले. लोखंडी रॅकवर आपटून सिग्नल परततो, एवढंच.

९ जून
सिद्धीलाही इथेच लावलं. नवा नंबर मिळायला आठवडा लागतो, म्हणून कोऱ्या टॅगवर महानंदाचाच नंबर घातला, मीटरमध्ये त्या नंबरापुढे नाव सिद्धीचं केलं. तिच्या जॅकेटाच्या बाहीचं तुटलेलं बटण लाल दोऱ्याने लावून दिलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणून चिडवलंही तिला. आप्पाजींनी मात्र त्यांची कात्री माझ्यासमोर आणून ठेवली.

१२ जून
सिद्धी माझ्यासमोर बसून जेवत होती. मीटरवर तिचं नाव दोनदा — एक समोर, एक भिंतीत. भिंतीतलं रोज जवळ सरकतंय. मला भीती वाटते. उद्याच नंबर बदलते.

१३ जून
बदलायच्या आत — सिद्धी खोकी आणायला तीन नंबरमध्ये गेली. बाहेर आलीच नाही. दार एकच, आणि दारात मी उभी होते. पोलिसांनी रॅक हलवले. कुणी नाही. दोन्ही सिग्नल भिंतीतून येतायत. आईला काय सांगू?

१४ जून
आप्पाजी म्हणाले, महानंदाचा टॅग काप, ती सुटेल, सिद्धीलाही सोडेल. भिंतीवरचा बर्फ नखांनी खरवडला. बाही लागली हाताला. टॅग कापला. एक सिग्नल बंद. देवा, सुटलो आम्ही —

बर्फ वितळतोय. बाहीच्या बटणाला लाल दोरा —

मी सिद्धीचाच —

आता तिला कशाने शोधू?

दुसरा चालू आहे. उणे तीस. उणे बारा. मीटर नाव सिद्धीचंच दाखवतो. पण सिद्धी मला ताई म्हणते. ही माझ्या कानाशी अक्का —