तेवीस फूट चार इंच

माझ्या हातांनी केलेल्या आणि आज चालू स्थितीत असलेल्या वस्तू अशा: फुटबॉलच्या गोलपोस्टची एक जोडी, चार इंची पोलादी पाइपची, वेल्डिंग माझं, घासकाम माझं, रंगाचे तीनही हात माझे. बुटांचे नायलॉनचे स्टड, लेथवर काढलेले, दोनशे शहात्तर. पद्मजाच्या पुरणयंत्राची जाळी, कारण मूळ जाळीतून डाळ अर्धीमुर्धीच उतरायची. गॅरेजमधलं वर्कबेंच, ते हलतं असं ज्याला वाटेल त्याने काठोकाठ भरलेला पेला त्यावर ठेवावा आणि हातोडा मारून बघावा. आणि श्री. सेइजी कुवाबारा यांच्या डाव्या गुडघ्याच्या पट्ट्याची बिजागरी. विकतची सहा महिन्यांत गेली होती. माझी अजून चालते.

या वस्तू करणारा मी, गुरुनाथ आनंदा निगवेकर, वय वर्षे ५४, मूळ राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, हल्ली राहणार अर्विंग, टेक्सास, शिक्षण सातवी, व्यवसाय टूलमेकर, कुणाच्या हाताखाली रीतसर न शिकलेला, हे मृत्युपत्र माझ्या अक्षरात, राजीखुशीने लिहून ठेवतो. येत्या मंगळवारी माझी बायपास आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. मला काळजी नाहीच, पण मापं घेतल्याशिवाय काम सुरू करायची सवयही नाही. डोकं ठिकाणावर आहे. ज्यांना ते तसं नको होतं, त्यांचा उल्लेख पुढे येईल.

कलम १. राहतं घर माझी पत्नी सौ. पद्मजा हिचं आहे. ‘देतो’ असं लिहीत नाही, कारण ते मुळात तिच्या नर्सिंगच्या पगारातून उभं राहिलं. १९८८ साली मी या देशात आलो तो तिच्या व्हिसावर. कोल्हापुरात लोक वेगळं सांगतात. त्यांना हे कलम दाखवावं.

कलम २. बँकेतली शिल्लक पद्मजा आणि मुलगी कादंबरी यांना निम्मी निम्मी. यावर दुसऱ्या कुणाचाही हक्क वा हितसंबंध राहणार नाही. कोल्हापूरच्या मावसभावांनी फोन करायचे कष्ट घेऊ नयेत.

कलम ३. लेथ, वेल्डिंग सेट आणि सर्व हत्यारं कादंबरीला. ती म्हणते, “बाबा, आय डोन्ट इव्हन नो व्हॉट हाफ ऑफ दीज आर.” शिकेल. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. उद्यमनगरातल्या कारखान्यात चौदाव्या वर्षी झाडलोट करता करता मी बघून शिकलो.

कलम ४. माझा व्हर्नियर कॅलिपर श्री. कुवाबारा यांना, जपानच्या पत्त्यावर, विमा उतरवून पाठवावा. हे गृहस्थ कोण, ते इथे नीट लिहिणं भाग आहे, कारण अर्विंगमध्ये ते पुसण्याचं काम चालू आहे.

कुवाबारा हे एका जहाजबांधणी कारखान्याच्या फुटबॉल टीमचे लेफ्ट बॅक. दुपारपर्यंत कारखान्यात वेल्डिंग, दुपारनंतर सराव, अशी नऊ वर्षं. गुडघा गेला तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. मग त्याच टीमचे मॅनेजर झाले आणि खालच्या गटातली टीम त्यांनी वरच्या गटात नेली. पुढे तिकडे व्यावसायिक लीग आली. कंपनीने कोट-टायवाला मॅनेजर आणला आणि यांना सुट्या भागांच्या गोदामात बसवलं. १९९४ साली ते गोदामाबरोबर टेक्सासला आले. तक्रार केली का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “गोदाम पण नीट लावायला लागतं.”

२००१ साली इथे कंपन्यांनी माणसं कमी केली आणि पुण्या-नागपूरच्या पोरांकडे रिकामा वेळ आला. त्यांना जमवून मी क्लब काढला. नाव ठेवलं ‘अर्विंग तालीम’. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल तालमीच्या नावानेच खेळतात; पुणेकर हसले, मी बदललं नाही. पहिल्याच रविवारी एक जपानी गृहस्थ मैदानाच्या कडेला हात मागे बांधून उभे होते. खेळ संपल्यावर त्यांनी आमच्या पोरांनी टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या. मला लाज वाटली. पुढच्या रविवारपासून तेच आमचे मॅनेजर. मॅचनंतर कपडे बदलायची खोली मॅनेजर स्वतः झाडणार, ही त्यांची पद्धत. हरलो तरी, जिंकलो तरी.

कलम ५. माझ्या गॅरेजमधला झाडू श्री. प्रताप यांना. हे आमच्या क्लबचे अध्यक्ष, मूळचे पुण्याचे, चांगल्या नोकरीत. चार वर्षांत त्यांनी ती खोली एकदाही झाडली नाही. २००४ साली आम्ही इथल्या लीगचा कप जिंकलो, त्या फायनलला ते ऑफिसच्या कामासाठी शिकागोजवळ शॉमबर्गला होते. क्लबच्या आजच्या वेबसाइटवर मात्र त्या कपाचे मॅनेजर म्हणून त्यांचंच नाव आहे. फोटोत कुवाबारा होते. आता तिथे झाड आहे.

कलम ६. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले. वर उल्लेखलेली गोलपोस्टची जोडी चुकीच्या मापाची आहे. ती चूक माझी.

नियम सांगतो, चोवीस फूट रुंद, आठ फूट उंच. ते माप पोस्टच्या आतल्या कडांमधलं असतं आणि आडव्या दांडीच्या खालच्या कडेपर्यंतचं. आमच्या कारखान्यात चौकटीचं माप नेहमी बाहेरून बाहेर धरत. मी तसंच धरलं. पुस्तक पुढे उघडं होतं, वाचलं नाही. जन्मभर फुटबॉल बघितलेल्या माणसाला गोल काय पुस्तकात बघायचा? म्हणून आतून रुंदी तेवीस फूट चार इंच आणि उंची सात फूट आठ इंच झाली. दोन वर्षं आमची पोरं त्या अरुंद गोलवर सराव करत होती आणि मी कापडाने दांडी पुसत होतो.

फायनल आम्ही फोर्ट वर्थच्या टीमविरुद्ध ३-१ जिंकलो. आमच्या सुशांतने दोन गोल मारले, दोन्ही पोस्टला चाटून आत. पोरं पांढऱ्या रश्श्याच्या पातेल्याभोवती नाचत होती. कुवाबारांनी मला बाजूला नेलं आणि खिशातून कापडी टेप काढली. “निगवेकर-सान, धरा.” आम्ही लीगचा गोल मोजला. मग गाडीत बसून आमच्या मैदानावर गेलो आणि माझा मोजला.

“आठ इंच कमी,” मी म्हणालो. “तुम्हाला कधीपासून माहीत?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तुम्ही त्याच दिवशी कापून दुरुस्त केला असता.” आणि हसले. चार वर्षांत दात दिसले ते तेव्हाच.

त्यांच्या वहीत २००२ सालच्या एका तारखेपुढे ७.११ आणि २.३४ असे आकडे आहेत, मीटरमध्ये. शेजारी जपानी ओळ. मी ती जाणकाराकडून वाचून घेतली आहे: ‘दुरुस्ती नको. पोरांना यातच मारू दे.’ म्हणजे चूक माझी, पण तिचा उपयोग कुवाबारांचा. यालाच मॅनेजर म्हणतात. इथलं कोचिंगचं लायसन्स नव्हतं, एवढंच.

कलम ७. २००५ साली कुवाबारा परत गेले तेव्हा त्यांनी त्यांच्या अकरा वह्या मला दिल्या. त्या वह्या आणि गोलपोस्टची जोडी कादंबरीला. ती शनिवारी मुलींच्या टीमला शिकवते. अटी अशा: गोल रुंद करायचा नाही, वह्या विकायच्या नाहीत, आणि पोस्टवर मी कोरून बसवलेली पितळी पट्टी काढायची नाही. पट्टीवर मजकूर आहे: ‘मापात चूक, निगवेकर. मॅनेजर, कुवाबारा.’

कलम ८. वेबसाइटवरचं नाव बदलण्याबद्दल मी कुवाबारांना फोन केला होता. म्हणाले, राहू द्या, कप तर मुलांकडे आहे. त्यांचा हा शांतपणा मला मान्य नाही. त्यांना दोनदा पुसलं. पहिल्यांदा मी तिथे नव्हतो. या मृत्युपत्राची एक प्रत लीगच्या कचेरीत द्यावी, इंग्रजी भाषांतरासह. भाषांतर कादंबरी करेल आणि कलम सहा सौम्य करणार नाही.

ठिकाण: अर्विंग, टेक्सास. रविवार, १४ ऑक्टोबर २००७.
सही: गु. आ. निगवेकर

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळत नाही:
१. मीनाक्षी बोकारे, किराणा दुकान
२. सुशांत वाघाये, सेंटर फॉरवर्ड

सहीनंतरची पुरवणी, दोघांसमोर. पेन खाली ठेवत मीनाक्षीताई म्हणाल्या, “गुरुनाथभाऊ, त्या प्रतापची एवढी चीड का? तुमच्याकडे आला होता तेव्हा नेमकं काय मागत होता तो?” सुशांत म्हणाला, “काका, लिहून टाका ना यार, नाहीतर उद्या तो वेगळंच सांगेल.” बरोबर आहे. लिहितो.

या जूनमध्ये प्रताप माझ्या गॅरेजमध्ये आला. एका मोठ्या सॉकर अकादमीने त्याला डायरेक्टर केलं आहे. त्यांना अरुंद गोलची पद्धत देशभर विकायची आहे. “काका, बोर्डवर तुमचं नाव टाकतो, इन्व्हेंटर म्हणून. फक्त त्या जपानी काकांचा विषय नको, पद्धतीवर त्यांचा हक्क निघेल म्हणून लीगलवाले अडवतात.”

“अरे, ती चूक होती.”

“चूक कोण म्हणतंय? इनोव्हेशन म्हणा!” आणि एक कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं की गोलची रुंदी मी विचार करून, मुद्दाम तशी ठेवली, श्री. कुवाबारा यांचा तिच्याशी संबंध नव्हता. वह्या मी अकादमीच्या ताब्यात देतो, असंही त्यात होतं. मी चुकलोच नव्हतो, एवढ्यावर सही करायची होती. कागद मी वर्कबेंचवर ठेवला, दोन्ही बाजूंनी वाचला आणि परत दिला. नाही म्हणालो. नाकारलेली रक्कम, पुढे वाद नको म्हणून अंकी आणि अक्षरी: ८५,००० डॉलर. अमेरिकन डॉलर पंच्याऐंशी हजार फक्त.