पासपोर्टवरचं दान

इंदोरा, नागपूर
२९ ऑक्टोबर १९७४

चि. रुपराव यास भीमाबाईचे अनेक आशीर्वाद अन् जयभीम.

आम्ही सगळे खुशाल आहो. तुह्या पत्राची वाट पाहून डोळे दुखले, पण कस्टमच्या सायबाले बहिणीसाठी टाइम कुठून भेटन! मुंबईचं वारं लागलं तुले, दुसरं काय.

यंदा धम्मचक्र दिनाले थायलंडहून एक मास्तरीणबाई आली, सोमश्री नावाची. विहाराच्या दादाजींनी विचारलं, पाहुणी कोणाकडे ठेवाची, तं मी सगळ्यात आंधी हात वर केला. आता ते आपल्याच घरी आहे. तिले मराठी येत नाही, मले इंग्रजी येत नाही. तुही भाची नीला मॅट्रिकले आहे म्हणून बरं, ते मधात बसून इकडचं तिकडे सांगते. नीला शाळेत गेली का आम्ही दोघी वंदना म्हणत बसतो, पाली दोघींलेही येते. भांडायची सोयच नाही!

तू मांगं लिहिलं होतं का बाहेरदेशच्या माणसानं पैसे बँकेतच बदलवाचे अन् पावती जपाची. मी बरोब्बर ध्यानात ठेवलं. सदर बाजारात एक दुकानदार मांगंच लागला होता, का बँकेपेक्षा जास्त देतो, आत या, चहा घ्या. मी त्याले म्हटलं का चहा तूच पे बावा, अन् बाईचा हात धरून तिले सरळ बँकेत नेलं. पावती तिच्या पर्समधे मीच ठेवली.

अन् आता खरी बातमी. काल सोमश्रीनं आपला टेपरेकॉर्डर विहाराले दान देल्ला! जपानी, कॅसेटचा, नवाकोरा. वस्तीतल्या पोट्ट्याईले वंदना शिकवाले कामी येईन म्हणते. सगळ्यांनी हात जोडून तीनदा साधु म्हटलं. मी तं रडलीच. दहा तारखेले ते मुंबईहून विमानात बसणार आहे. तू जाऊन भेट तिले, लाजू नको.

तुही ताई,
भीमाबाई

मुंबई
२ नोव्हेंबर १९७४

आदरणीय भीमाताईस रुपरावचा सविनय जयभीम.

वि. वि. तुझं पत्र पोहोचलं. सदरच्या दुकानदाराचं वाचून इतका हसलो की शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. पुढचं वाचलं आणि हसू पळालं.

ताई, सोमश्रीबाईंना तो टेपरेकॉर्डर इथे कुणाला दान देता येत नाही. परदेशी पर्यटक अशी भारी वस्तू घेऊन उतरला की आमचे लोक ती नंबरासकट पासपोर्टवर लिहितात. इथे आहेस तोवर वापर आणि जाताना परत ने, या बोलीवर ड्यूटी माफ असते. जाताना वस्तू दिसली नाही तर ड्यूटी द्यायची आणि वर दंड. तो भरल्याशिवाय बाईंना विमानात बसू देणार नाहीत. वस्तू विकली काय किंवा दान दिली काय, आमच्याकडे दोन्ही सारखंच.

भाऊ कस्टम्समध्ये क्लार्क आहे, तो घेईल सांभाळून, असं मनातही आणू नकोस. ते मी करणार नाही, आणि तूच मला करू देणार नाहीस. टेपरेकॉर्डर त्यांना परत दे. तू रागावशील हे मला ठाऊक आहे. खुशाल रागाव, पण दे.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही ठेव.

तुझा,
रुपराव

इंदोरा, नागपूर
६ नोव्हेंबर १९७४

चि. रुपराव यास आशीर्वाद अन् जयभीम.

रागावणारच! देल्लेलं दान वापस करा म्हणून लिहाले तुहा हात कसा धजला गा? भरल्या विहारात तुहं पत्र वाचून दाखवलं. दादाजी तं निरे खाली मान घालून बसले.

नीलानं पासपोर्ट उघडून पाह्यला. तू म्हणतं तसंच लिहिलं आहे, नंबर बी आहे. सोमश्री म्हणते, मले वाटलं का विकाले मनाई आहे, दानाले कायची मनाई? मले बी तसंच वाटलं असतं. ड्यूटी भराइतके पैसे तिच्यापाशी उरले नाहीत. तरी बाई हट्टाले पेटली, का दान देल्लेली वस्तू मी वापस घेणार नाही, अडकली तं अडकली. अगा, तिची म्हातारी माय तिकडे वाट पाहून राहिली अन् हे म्हणते अडकली तं अडकली! मले रात न् दिवस एकच घोर, का आपल्या घरची पाहुणी तुमच्या त्या मुंबईत चोरासारखी उभी राहीन.

पण मी बी भीमाबाई आहे. पोळ्या लाटता लाटता डोस्क्यात आलं. वापस देता येत नाही, कबूल. पण ते मशीन आता कोणाचं? विहाराचं. मंग विहारानं ते कोणालेही दान द्यावं, कोण अडवते? लगेच बायांले जमवलं. सोमश्रीले चटईवर बसवलं, फुलं देल्ली, अन् इंदोऱ्याच्या बायांकडून दान म्हणून टेपरेकॉर्डर तिच्या हातात ठेवला. आता करते काय! दान तिलेही नाकारता येत नाही. हासे बी अन् रडे बी. दादाजींनी सगळ्यात मोठ्यानं साधु म्हटलं.

पोट्ट्याईले वंदना मी शिकवीन. माह्या गळ्याले बॅटरी लागत नाही. आता तुहा कायदा बी राहिला अन् आमचा धम्म बी राहिला. तिकडे काही गडबड झाली तं मात्र तुले सोडणार नाही, आंधीच सांगून ठेवते.

राग अजून गेला नाही, तरी आशीर्वाद पूर्ण आहेत.

तुही ताई,
भीमाबाई

मुंबई
११ नोव्हेंबर १९७४

आदरणीय भीमाताईस जयभीम, जयभीम, जयभीम.

सोमश्रीबाई काल सुखरूप गेल्या. हे आधी लिहिलं, कारण पुढचं वाचताना तुझा जीव खालीवर होईल.

काल विमानतळावर माझी ड्यूटी नव्हती. परवानगी काढून काउंटरच्या अलीकडे उभा होतो. अधिकाऱ्यानं पासपोर्ट पाहिला, टेपरेकॉर्डर पाहिला आणि विचारलं की हाच का तो. प्रश्न किती सोपा! बाईंनी मान हलवली, नाही म्हणून. म्हणाल्या की मी आणलेला नागपूरला दान दिला, हा मला नागपूरच्या बायांनी दिलेला आहे. मी कपाळावर हात मारला. अधिकारी म्हणाला की मग पहिला कुठे आहे ते सांगा. विकला असेल, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. नंबर तर तोच होता, पण बाई ऐकेनात. तोच आहे म्हणा आणि सुटा, असं मागच्या एका प्रवाशानं सुचवलं, तर म्हणाल्या की पंचशील घेतलेलं आहे, खोटं बोलणार नाही. तिकडे विमानाची घोषणा झाली. मी पुढे सरकलो, तर अधिकाऱ्यानं मलाच मागे व्हायला सांगितलं.

मग आत काही लपवलंय का ते बघायला त्यानं टेपरेकॉर्डर उलटापालटा केला आणि बटण दाबलं. ताई, त्यातून तू बोललीस! बाईंनी ते दान घेताना मशीन चालू ठेवलं होतं, तुम्हाला कुणाला पत्ताच नाही. अख्ख्या हॉलमध्ये तुझा आवाज घुमला, की घे वं सोमश्री, लाजू नको, तू आमाले देल्लं होतं, आता आम्ही तुले देऊन राहिलो. मागून नीला तेच इंग्रजीत सांगते आहे. मग तुम्हा सगळ्यांचं तीनदा साधु.

अधिकाऱ्यानं टेप मागे नेऊन पुन्हा ऐकली. मग हसला. म्हणाला की वस्तू देशाबाहेर चालली एवढंच मला बघायचं आहे, दान कुणाचं ते तुमचं तुम्ही बघा. त्यानं नंबर ताडून सही केली. बाईंनी त्याला हात जोडले.

आणि मग त्यानं सहज विचारलं, की ही बोलते आहे ती बाई कोण. ताई, इतकी वर्षं मी त्या इमारतीत 'येस सर'च्या पुढे गेलो नाही. तिथली मराठीसुद्धा तोलून मापून बोलतो. काल तोंडातून आपलं नागपूरच निघालं, तेही असं खणखणीत की लायनीतली माणसं वळून पाहायला लागली. मी म्हटलं, माही बहीण होय, सख्खी.

घरी सर्वांना माझा जयभीम सांग. तुझ्या रागासकट जीव लावत राहा.

तुहा भाऊ,
रुपराव