तिसऱ्या खांबाचा आवाज

३ मार्च

पाणी बंद झालं एकदाचं! अठरा दिवस मिळालेत. कालव्याची चारही लोखंडी दारं गंजून चाळण झालीत, खांबांचं काँक्रीट पोपडे सोडतंय. अठरा दिवसांत काय काय उरकायचं? वर बसून सांगणाऱ्यांचं काय जातंय!

माझं काम तेच — हातोडीने खांब ठोकत जायचं. ठण्ण वाजला की घट्ट. भद्द वाजला की आत पोकळ. तिथे खडूने गोल करायचा. मागून गवंडी येतो, गोल फोडतो, भरतो. एकोणीस वर्षं आमची जोडी. इंजिनिअरबाई म्हणाल्या, "मुकादम, तुमचे कान असताना मशीन कशाला मागवू?" मी आपला उगाच फुगलो.

५ मार्च

दोन खांब झाले. गुडघे बोलायला लागलेत. माझे गोल अकरा आणि सिमेंट संपलं पंधरा-सोळा गोलांचं! गवंड्याला सगळ्यांसमोर झापलं. "हात सैल झालाय तुझा." एरवी एकाला दोन ऐकवणारा माणूस, आज नुसता थापी धूत बसला.

६ मार्च

तिसरा खांब. अख्खा घट्ट! एवढा जुना असून एकही गोल नाही. गवंड्याने दोनदा विचारलं, "एकही नाही?" दोनदा सांगितलं — नाही, बाबा, नाही.

७ मार्च

कंबर गेली. झोपतो.

८ मार्च

घरात रणकंदन. ही शेजारी गेली होती, मी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलेलो. परत आली तर कुकर आतून करपलेला. "अहो, शिट्ट्या मला तिकडे ऐकू आल्या! तुम्ही तर शेजारीच बसला होतात त्याच्या." म्हटलं, लक्ष नव्हतं.

लक्ष होतं. शिट्टी झालीच नाही. मला तरी नाही ऐकू आली.

९ मार्च

घरात कोणी नाही असं बघून दोन डबे घेतले. एक भरलेला, एक रिकामा. डोळे मिटले, डबे फिरवले, चमच्याने वाजवले. दोन्ही सारखेच! पुन्हा वाजवले. पुन्हा तेच. डोळे उघडले तर ही दारात उभी, हातात भाजीची पिशवी. "कधीपासून?" एवढंच म्हणाली. लहान पोरासारखा रडलो, या वयात.

म्हणजे तिसरा खांब आतून कसा आहे, मला माहीतच नाही.

१० मार्च

नव्या दाराचे बोल्ट त्याच खांबात बसायचेत. टनभराचं दार. उद्या ते टांगताना वेल्डर खाली उभा राहणार. रोज जेवताना फोनवर लेकीचे फोटो दाखवतो, शहाणा. खांबाने दगा दिला तर? बाईंना सांगायला तीनदा गेलो, तीनदा पाणी पिऊन परत आलो.

ही म्हणते, "सांगून टाका. नोकरी गेली तर गेली." नोकरीचं नाही गं! सगळे म्हणतात, मुकादमाचा कान म्हणजे कान. तोच गेला तर मला विचारणार कोण? लाज वाटते. भीतीही वाटते. आणि भयंकर दमलोय.

११ मार्च

सांगितलं. दार साखळीला लावलं होतं, वेल्डर खाली शिरतच होता. ओरडलो, "बाहेर ये आधी!" मग बाईंकडे वळलो. "तिसरा खांब मी तपासलेलाच नाही असं धरा. मला नीट ऐकू येत नाही." बाई म्हणाल्या, "काम थांबवा. उद्या पुन्हा ठोकून घेऊ." वेल्डरने आपला चहा माझ्यापुढे सरकवला. गवंडी तेवढा नव्हता, सिमेंट आणायला गेलेला. बरं झालं. त्याच्यासमोर मला जमलं नसतं.

१२ मार्च

बाईंनी गवंड्याच्या हातात हातोडी दिली. त्याने ती खाली ठेवली. "तिसरा भरलाय, बाई. खालच्या अंगाला हातभर पोकळ होता. मुकादम जेवायला गेले की मी एकदा ठोकून घेतो."

मी विचारलं, कधीपासून?

"झाली तीन वर्षं," माझ्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाला.

आणि मी त्याला सिमेंटवरून झापलं!