झडप रुळते आहे

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
पत्रास कारण तुझ्या स्वयंपाकघरातला नळ. मंगळवारी दुरुस्तीला येणार होतो, पण कारखान्यातला पंप ऐन वेळी अडून बसला आणि राहून गेलं. रागावू नकोस. तोवर खाली बादली ठेव आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. लोक आटे खराब करून ठेवतात.

माझी तब्येत ठणठणीत. ऑपरेशनला वर्ष झालं. चढताना जरा दम लागतो, पण नवा वॉशर घातलेला नळही सुरुवातीला जड फिरतो. माझ्या हृदयातली नवी झडप तर जनावराच्या पडद्यापासून शिवलेली, तिला रुळायला वेळ लागणारच. चाळीस वर्षं पंपांच्या झडपा बसवल्या, एवढं मला कळतं. ही उगाच डॉक्टरांकडे चला म्हणून मागे लागली आहे.

लोभ आहेच, तो ओरडून वाढवू नये.
तुझा,
खटपट्या

९ जून

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.
तुझं पत्र पोचलं. आता माझं ऐक. खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले सांगत होते की मंगळवारी तू हत्यारांची पिशवी घेऊन आला होतास. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसलास, त्यांच्याकडून पाणी मागून प्यायलास आणि ताईला सांगू नका म्हणून परत गेलास. त्यांनी पाच दिवस पोटात ठेवलं, हेच खूप झालं.

खोटं बोललास याचं मला फार वाईट वाटलं. लहानपणी तुझे कान लाल व्हायचे. पत्रात कान दिसत नाहीत, म्हणून फावलं.

आणि रुळायचं काय घेऊन बसलास? ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात तू माझे तिन्ही मजले शीळ घालत चढला होतास. आधी नीट चालणारी वस्तू मग अडायला लागली, तर तू गिऱ्हाइकाला काय सांगतोस? रुळेल म्हणतोस की खोलून बघतोस? उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा. नळ गळो नाहीतर वाहो, मी दुसऱ्याला बोलावणार नाही.
तुझी,
ताई

२० जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
तू जिंकलीस. हृदयाचा इको काढला. झडपेच्या पाकळ्यांवर रक्ताची गुठळी धरली आहे, म्हणून त्या पुरत्या उघडत नाहीत. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण कामाला चोख. अशा झडपांवर क्वचित असं होतं म्हणाल्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्यात, त्यांनी बहुधा गुठळी विरघळते. मी त्यांना माझा रुळण्याचा सिद्धान्त ऐकवला. त्या शांतपणे म्हणाल्या की काका, पंपातलं पाणी साकळत नाही, रक्त साकळतं. चाळीस वर्षांची अक्कल जागेवर आली.

गोळी ठरल्या वेळी, रक्ततपासणी वरचेवर, पालेभाजीने गोळीचा असर बदलतो, म्हणून तीही रोज सारख्याच मापाची. ही वाटीने मोजून वाढते. दाढीसुद्धा जपून करतो.

तीन महिन्यांनी पुन्हा इको. गुठळी विरघळली नाही, तर पुन्हा छाती उघडायची. ताई, त्याची मला भीती वाटते. हिच्यासमोर बोललो नाही, तुला लिहितो.
तुझा,
खटपट्या

२५ जून

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.
भीती वाटली की लिहीत जा, मलाही वाटते. दोघांत वाटली म्हणजे अर्धी होते असं नाही, पण सोबत होते. मी आयुष्यभर शिवण केली. ज्या हातांनी तुझी झडप शिवली, त्या हातांवर माझा विश्वास आहे. गोळी चुकवू नकोस.
तुझी,
ताई

२८ सप्टेंबर

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.
आज शिवणक्लासहून आले, कुलूप काढलं आणि घर एकदम गप्प वाटलं. काय हरवलंय ते कळायला वेळ लागला. नळ ठिबकत नव्हता. ओट्यावर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी होती, पाकळ्या मोकळ्या झाल्या, गोळ्या तूर्त चालू, चहा पुढच्या वेळी. मी तिथेच खाली बसले आणि पोटभर रडले.

तुझ्याकडची किल्ली इतक्या दिवसांनी कामाला आली. घड्याळवाल्यांना खोदून खोदून विचारलं. ते म्हणाले की तुमचा भाऊ कुठेही बसला नाही, पाणी मागितलं नाही, वरच्या मजल्यापर्यंत शीळ ऐकू येत होती.

एक तक्रार आहे. नळाखालची माझी बादली तू हत्यारं घालून घेऊन गेलास. ती आणून दे. कुणाच्या हाती पाठवायची नाही. स्वतः, तिन्ही मजले चढून.
तुझी वाट बघणारी,
ताई